इंग्रजीतले अवघड शब्द पाठ होतात पण वापरता येत नाहीत, मग करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोज वीस अवघड इंग्रजी शब्द, पुढे बरोबरचं चिन्ह, त्याच्यापुढे मराठी अर्थ, असं वहीत लिहून पाठ करणं चालू आहे. काही महिने झाले तरी वाचताना शब्द समोर आला की "हा कुठेतरी पाहिलाय" एवढंच आठवतं, अर्थ येत नाही. आणि जो थोडाफार येतो तो मेलमध्ये किंवा निबंधात वापरला की वाचणारा म्हणतो हे काहीतरीच वाटतंय. मग अॅडव्हान्स शब्द शिकायचे तरी कसे?

मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आणि मराठी लोकांनी लिहिलेलं इंग्रजी तपासून द्यायचं कामही करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर काही दिवसांनी वेगवेगळ्या तोंडून येतो. माझं मत सरळ आहे, सगळा घोळ त्या बरोबरच्या चिन्हाचा आहे. पाठांतर, मेमरी, चिकाटी हे सगळं नंतरचं.

तुमच्या वहीत हे शब्द असतीलच: मिटिगेट म्हणजे कमी करणे. अलीव्हिएट म्हणजे कमी करणे. कर्टेल म्हणजे कमी करणे. अबेट म्हणजे कमी होणे. क्वेल म्हणजे शमवणे, कमी करणे. कुठलीही छोटी डिक्शनरी उघडा, हेच मिळेल आणि यातलं एकही चूक नाहीये. आता हे पाठ केलेला माणूस बसतो आणि लिहितो, 'द डॉक्टर मिटिगेटेड माय फीव्हर'. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, वहीप्रमाणे अर्थही बरोबर, फक्त असं वाक्य इंग्रजी बोलणारं कुणी बोलत नाही.

हेच मराठीत बघा. पूर ओसरतो, ताप उतरतो, वादळ शमतं, भांडण मिटतं, गर्दी पांगते. एखाद्या परक्या माणसाने या सगळ्यांपुढे "कमी होणे" लिहून पाठ केलं आणि येऊन म्हणाला "माझा ताप पांगला", तर आपल्याला कळेल त्याला काय म्हणायचंय, पण हसू आल्याशिवाय राहणार नाही. ताप पांगत नाही हा नियम आपल्याला कुणी शिकवला होता का? नाही. आपण लहानपणापासून ताप हा शब्द उतरणे, चढणे, भरणे, येणे यांच्यासोबतच ऐकला म्हणून ते डोक्यात एकत्र बसलंय. जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषातज्ज्ञाने १९५७ साली हेच म्हणून ठेवलंय, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. या संगतीला कोलोकेशन म्हणतात आणि अॅडव्हान्स शब्दांच्या बाबतीत निम्म्याहून जास्त अर्थ या संगतीतच असतो असं मी म्हणेन.

आता तेच पाच शब्द नीट उलगडून बघू, कारण एकदा हे लक्षात आलं की बाकीचे शब्द कसे बघायचे ते आपोआप कळतं.

मिटिगेट हा लॅटिनमधल्या 'मऊ, सौम्य' अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. म्हणून त्याच्यासोबत रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स, डॅमेज असे शब्द येतात. गोष्ट घडणार आहे किंवा घडलीय, तिचा तडाखा सौम्य करायचा. धरण फुटण्याचा धोका मिटिगेट करतात, हवामान बदलाचे परिणाम मिटिगेट करतात, कोर्टात मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस असतात म्हणजे गुन्हा झालाय खरा पण शिक्षा सौम्य व्हावी अशी परिस्थिती. अलीव्हिएटच्या पोटात लॅटिनमधला 'हलकं' हा शब्द आहे, एलिव्हेट आणि रिलीव्ह हे त्याचेच भाऊबंद. माणूस ओझ्याखाली आहे, ते ओझं हलकं करायचं, म्हणून पेन, सफरिंग, पॉव्हर्टी, प्रेशर. कर्टेलच्या मागे शेपूट छाटलेल्या घोड्यासाठीचा जुना शब्द आहे, म्हणजे जे लांब होतं किंवा मोकळं होतं ते आखूड करणं. स्वातंत्र्य, अधिकार, खर्च, दौरा हे कर्टेल होतात. दुखणं कर्टेल होत नाही. क्वेल हा जुन्या इंग्रजीत चक्क ठार मारणे अशा अर्थाचा होता आणि तो दणका अजून शिल्लक आहे, बंड क्वेल करतात, दंगल क्वेल करतात, अफवा आणि भीतीसुद्धा क्वेल करतात, म्हणजे कुणीतरी जोर लावून दाबलेलं असतं. आणि अबेट बहुतेक वेळा आपलं आपण होतं, वादळ अबेट होतं, वारा अबेट होतो, पब्लिकचा राग अबेट होतो. त्यामागे कुणी कर्ता बसलेला नसतो.

आणि तापाचं काय? तर द मेडिसिन ब्रॉट डाउन माय फीव्हर. ब्रिंग डाउन. दोन शाळकरी शब्द. लोकांना हे आवडत नाही कारण त्यात अॅडव्हान्स काहीच दिसत नाही, पण तपासताना मी निम्म्या वेळा अवघड शब्द काढून असाच सोपा घालते आणि वाक्य एकदम सरळ होतं.

तर पहिला बदल हा करा की शब्दाची नोंद करताना अर्थाऐवजी, किंवा अर्थासोबत म्हणा, त्याचे दोन-तीन सोबती लिहा आणि एक अख्खं वाक्य लिहा, जे तुम्ही खरंच कुठेतरी वाचलंय. मराठी अर्थ लिहायला माझी ना नाही बरं का. काही शिक्षक सांगतात इंग्रजी ते इंग्रजीच बघा, मराठी बघितलं तर पाप लागेल, तसलं काही नाही. मराठी अर्थ पटकन कळतो आणि लक्षात राहायला मदतही होते, फक्त तो दार उघडण्यापुरता ठेवा, तिथेच मुक्काम करू नका. त्यानंतर लर्नर्स डिक्शनरी उघडा. साधी डिक्शनरी आणि लर्नर्स डिक्शनरी यात मोठा फरक असतो आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. साधी डिक्शनरी ज्यांची भाषाच इंग्रजी आहे त्यांच्यासाठी लिहिलेली, तिच्यात एका अवघड शब्दाचा अर्थ तीन अवघड शब्दांत असतो. लर्नर्स डिक्शनरी आपल्यासारख्यांसाठी. लाँगमनने १९७८ साली जी काढली तिच्यात सगळे अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच सांगायचे असं ठरवून घेतलं होतं, आणि कॉलिन्स कोबिल्डने १९८७ साली त्याच्या पुढे जाऊन अर्थच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली, म्हणजे कुणी अमुक गोष्ट अलीव्हिएट केली तर काय होतं, अशा थाटात. त्या वाक्यातच कळतं की हा शब्द कुणासोबत बसतो. या डिक्शनऱ्या आता ऑनलाइन फुकट बघता येतात, सो निमित्त शिल्लक नाही.

आणखी खोलात जायचं असेल तर कॉर्पस नावाची चीज आहे, म्हणजे खरोखर लिहिल्या-बोलल्या गेलेल्या मजकुराचा प्रचंड साठा. अमेरिकन इंग्रजीचा कोका नावाचा कॉर्पस आहे, त्यात एक अब्जाहून जास्त शब्दांचा मजकूर आहे. शब्द टाकला की त्याच्या आगेमागे कोणकोणते शब्द सगळ्यात जास्त येतात याची यादीच समोर येते. सुरुवातीला गोंधळायला होतं, पण एखादा शब्द मेलमध्ये वापरण्याआधी शंका आली तर तिथे दोन मिनिटं घालवणं हे व्याकरणाच्या पुस्तकात अर्धा तास घालवण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

आता कोणते शब्द शिकायचे? कारण अॅडव्हान्स म्हणून जी काही यादी फिरत असते तिच्यात कुठलाही शब्द कुठेही असतो, सेस्क्विपिडेलियन आणि स्क्रुटिनी एकाच पानावर. पहिला शब्द म्हणजे लांबलचक शब्द वापरणारा किंवा तसा शब्द, जो आयुष्यात तुम्हाला शब्दांविषयीच्या गमतीजमतीतच भेटेल. दुसरा रोज बातम्यांत आहे. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन या अमेरिकन अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर केलेत ते मला फार सोयीचे वाटतात. पहिल्या थरात रोजचे शब्द, टेबल, रन, हॅपी वगैरे, ते तुम्हाला येतात. तिसऱ्या थरात त्या त्या विषयाचे शब्द, आयसोटोप किंवा लायबिलिटीसारखे, ते तो विषय शिकताना येतात, आधीपासून पाठ करण्यात अर्थ नाही. मधला थर म्हणजे सोनं आहे. रिलक्टंट, प्लॉजिबल, स्क्रुटिनी, अंडरमाइन, इनेव्हिटेबल, टेंटेटिव्ह, अँबिग्युअस. हे शब्द बातमीत असतात, कादंबरीत असतात, ऑफिसच्या रिपोर्टमध्ये असतात आणि विषय कुठलाही असो, परत परत येतात. तुमचा सगळा जोर इथे लावा.

किती लागतात याचाही अंदाज घ्या म्हणजे घाबरायला होणार नाही. पॉल नेशन हे न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ, शब्दसंग्रहाच्या विषयात त्यांच्याइतकं काम फार थोड्यांनी केलंय. त्यांनी २००६ साली हिशोब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनासायास वाचायचं, म्हणजे शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत, तर साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, आणि बोललेलं समजायला सहा ते सात हजार. कुटुंब म्हणजे अव्हॉइड, अव्हॉइडन्स, अनअव्हॉइडेबल हे सगळे मिळून एक. शाळा-कॉलेज करून आलेल्या माणसाकडे यातली बरीच आधीपासून असतात. अभ्यासाच्या वाचनासाठी तर अव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडेमिक वर्ड लिस्ट आहे, फक्त ५७० कुटुंबं, आणि कॉलेजच्या पुस्तकांतला जवळपास दहा टक्के मजकूर तेवढ्यांनीच भरलेला असतो. यादीच हवी असेल तर ही घ्या. निदान तिच्यातले शब्द कुणाला अवघड वाटतात म्हणून नाही तर खरंच मोजून निवडलेत.

पुढची भानगड म्हणजे शब्दाचा रंग. अर्थ तोच पण चांगल्या नजरेने की वाईट. फ्रूगल, थ्रिफ्टी, स्टिंजी, तिघेही पैसे कमी खर्च करणारे, पण पहिल्या दोघांचं कौतुक चाललंय आणि तिसरा कंजूष आहे. नोटोरियस म्हणजे प्रसिद्धच, पण कुप्रसिद्ध. बॉसच्या फेअरवेलच्या भाषणात 'ही इज नोटोरियस फॉर हिज हार्ड वर्क' असं कुणी गंमत म्हणून बोलला तर ठीक, मनापासून बोलला तर पंचाईत. प्लॉजिबल म्हणजे पटण्यासारखं, पण त्यात एक बारीक शंका लपलेली असते, ऐकायला तर पटतंय, खरं आहे का ते देव जाणे. म्हणून प्लॉजिबल एक्स्क्यूज असतं, प्लॉजिबल एक्स्प्लनेशन असतं. आपल्या मैत्रिणीने सांगितलेल्या गोष्टीला प्लॉजिबल म्हटलं तर तिला राग येऊ शकतो आणि तो रास्त आहे.

आणि रजिस्टर, म्हणजे शब्द कुठल्या कपड्यात आलाय ते. इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन तीन-तीन शब्द असण्याचं कारण इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीहून आलेल्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार आणि कोर्ट यांची भाषा फ्रेंच, चर्च आणि विद्येची लॅटिन, आणि शेतातली, घरातली इंग्रजी. त्याचे थर अजून दिसतात. आस्क घरचा, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनचा. किंगली, रॉयल, रीगल. स्टार्ट, कमेन्स, इनिशिएट. वरच्या थरातला शब्द जास्त चांगला असं अजिबात नाही, तो जास्त औपचारिक, बस. मराठीत आपल्याला हे लगेच कळतं, मित्राला कुणी "जलप्राशन करून येतो" म्हणत नाही, म्हटलं तर चेष्टेत म्हणतं. पण तोच माणूस इंग्रजीत 'आय शॅल कमेन्स माय वर्क आफ्टर लंच' लिहितो आणि वर खूश असतो.

मूळ धातू शिकावेत का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. शिकावेत, पण एका अटीवर. बेने म्हणजे चांगलं, माल म्हणजे वाईट, व्होल म्हणजे इच्छा, त्यावरून बेनेव्होलंट भलं चिंतणारा आणि मालेव्होलंट वाईट चिंतणारा. लोक् म्हणजे बोलणे, त्यातून एलोक्वंट, लोक्वेशस, सोलिलोक्वी. असं एकदा जुळलं की शब्द डोक्यात पक्का बसतो, मजाही येते. अट अशी की धातूचा उपयोग माहीत झालेला अर्थ धरून ठेवायला करायचा, माहीत नसलेला ओळखायला भरवसा ठेवायचा नाही. शाळेत संस्कृतच्या तासाला प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार हे सगळे एकाच हृ धातूचे म्हणून शिकवतात ना? धातू माहीत असून नुसत्या अंदाजाने कुणी आहारावरून संहारापर्यंत पोचेल का? इंग्रजीतही तसंच. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नाही, अमूल्य. एनर्व्हेट दिसतो एनर्जी देणाऱ्यासारखा, अर्थ बरोब्बर उलटा, गळून जायला लावणे. रेस्टिव्ह म्हणजे आराम करणारा नाही, अस्वस्थ, आवरेना झालेला. नॉइसमचा नॉइजशी संबंध नाही, त्याचा अर्थ घाणेरड्या वासाचा. ही यादी बरीच लांब आहे आणि परीक्षा घेणाऱ्यांना ती पाठ असते.

धातूंपेक्षा गोष्टी जास्त चिकटतात असा माझा अनुभव आहे. लॅकॉनिक म्हणजे मोजकं बोलणारा, हे पाठ करून कुणाच्या लक्षात राहत नाही. पण लॅकोनिया हा स्पार्टाचा प्रदेश, तिथले लोक कमी बोलण्यासाठी प्रसिद्ध, मॅसेडोनियाच्या फिलिपने त्यांना धमकी पाठवली की मी तुमच्या देशात घुसलो तर सगळं बेचिराख करीन, आणि त्यांनी उत्तर पाठवलं एका शब्दाचं, "तर". एकदा ही कथा ऐकली की लॅकॉनिक विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही. सगळ्या शब्दांना अशी गोष्ट नसते, पण ज्याला असते त्याची शोधून काढा.

आता पाठ राहत नाही त्याबद्दल. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग केलेले प्रसिद्ध केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळात किती विसरतं ते मोजायचं. निष्कर्ष असा की विसरणं सुरुवातीला धडाधड होतं आणि मग मंदावतं. गंमत म्हणजे तुमची वीस शब्दांची यादी, वाक्य नाही संदर्भ नाही, ही त्याच्या त्या निरर्थक अक्षरांच्या फार जवळची आहे. उपाय म्हणजे विसरायच्या बेताला आलं की परत आठवायचं, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवायचं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली कार्डांच्या खोक्याची पद्धत सांगितली, आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं तर परत पहिल्या कप्प्यात. हेच आता अँकीसारखं अॅप करतं, २००६ पासून आहे, कॉम्प्युटरवर फुकट आहे.

पण अॅप घेतलं आणि त्यात परत मिटिगेट बरोबर कमी करणे असंच भरलं तर अॅप काय करणार. कार्ड असं बनवा की पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य, 'हिज एक्स्क्यूज साउंडेड डॅश, बट नोबडी बिलीव्ह्ड इट', खाली बारीक मराठी हिंट "ऐकायला पटण्यासारखं", आणि मागे प्लॉजिबल. म्हणजे शब्द तुम्हाला डोक्यातून काढावा लागतो, नुसता ओळखावा लागत नाही. हा फरक छोटा वाटतो पण सगळा खेळ तिथे आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे, एका गटाने मजकूर परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. वही उघडून रोज रात्री शब्दांवरून नजर फिरवणं आणि "येतंय की सगळं" वाटणं, ते याच पाच मिनिटांतलं येणं आहे.

दिवसाला वीस शब्द हे जास्तच होतात. पाच घ्या. कारण आजचे पाच म्हणजे उद्या पाच नवे अधिक कालचे, परवा आणखी, असं करत रिव्हिजनचा डोंगर होतो आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस अॅपकडे बघायचं बंद करतो.

आणखी एक गोष्ट जी पुस्तकवाले सर्रास उलटी करतात. एका अर्थाचे शब्द एकाच दिवशी शिकू नका. पुस्तकात धडा असतो "कमी बोलणाऱ्या माणसासाठी शब्द", टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकॉनिक, रिझर्व्ह्ड, एका पानावर. दिसायला किती सोयीचं! टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि वेअरिंग यांनी १९९७ मध्ये हे तपासलंय, जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकले तर असंबद्ध शब्दांपेक्षा पाठ व्हायला जास्त वेळ लागतो, कारण ते एकमेकांत मिसळतात. दिसायला सारखे असलेल्यांचंही असंच होतं, इंजीनियस हुशारीचं आणि इंजेन्युअस भोळंभाबडं, प्रिस्क्राइब लिहून देणं आणि प्रोस्क्राइब बंदी घालणं, हे जोडीने शिकलात की कायम चाचपडत राहाल. आधी एक पक्का होऊ द्या, दुसरा महिन्या-दोन महिन्यांनी. मग तुम्ही म्हणाल की वर मीच पाच "कमी करणे" एकत्र सांगितले. ते यासाठी की ते तुमच्या वहीत आधीपासून आहेत आणि आता त्यांच्यातली सरमिसळ सोडवायची आहे. पहिल्यांदा भेटणारे शब्द आणि भेटून गोंधळ घातलेले शब्द यांची ट्रीटमेंट वेगळी.

वाचनाशिवाय यातलं काहीच टिकणार नाही हे तुम्हाला माहीतच असेल, म्हणून त्यावर लांबण लावत नाही. एवढंच सांगते की सुरुवातीला एकाच विषयावर वाचा. क्रिकेट असेल, अर्थकारण असेल, अवकाशातल्या मोहिमा असतील, काही का असेना, जे तुम्ही मराठीतही आवडीने वाचता ते. एका विषयावरच्या दहा लेखांत तेच मधल्या थरातले शब्द फिरून फिरून येतात, तेच सोबती घेऊन येतात, आणि विषय माहितीचा असल्यामुळे अंदाजही बरोबर लागतो. दहा वेगळ्या विषयांवर एकेक लेख वाचला तर तेच शब्द क्वचितच परत भेटतात. आणि पानात दहा-बारा शब्द अडत असतील तर ते पुस्तक आत्ता बाजूला ठेवा, ते वाचन राहत नाही, डिक्शनरीची हमाली होते. शिकलेला प्रत्येक शब्द वापरायलाच पाहिजे हाही हट्ट नको. वाचताना कळला तरी पुष्कळ, मराठीतसुद्धा आपल्याला कळणारे सगळे शब्द आपण कुठे बोलतो?

परीक्षेसाठी करत असाल तर थोडं वेगळं. जीआरईमध्ये, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेत, पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि अॅनॉलॉजी (शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखणं) विचारायचे, तेव्हा यादी घोकून मार्क मिळायचे. २०११ मध्ये पेपर बदलला आणि ते दोन्ही प्रकार गेले, आता वाक्यात गाळलेली जागा भरायची असते. त्यातल्या सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ तोच राहील, आणि तिथे हमखास एक समानार्थी जोडी अशी असते की दोघे एकमेकांशी जुळतात पण वाक्यात बसत नाहीत. यादीवाला तिथेच अडकतो. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेनेही अॅनॉलॉजी २००५ मध्येच काढून टाकल्या. तरी पेपर पंधरा दिवसांवर आला असेल तर माझं सगळं सोडा आणि सरळ यादी घोका, तेवढ्या वेळात दुसरं काही होत नाही.

उच्चारांचं एक राहिलं. वाचून शिकलेले शब्द आपण स्पेलिंगप्रमाणे बोलतो आणि फजिती होते. एपिटोम नाही, इपिटमी. हायपरबोल नाही, हायपर्बली. इंडिक्ट नाही, इनडाइट. सटलमधला बी बोलायचा नाही, डेब्रीमधला एस बोलायचा नाही. आपल्याकडे देवनागरी आहे त्यामुळे कार्डावर उच्चार लिहून ठेवणं सोपं आहे, पण जोर कुठल्या अक्षरावर ते देवनागरीत दिसत नाही, फोटोग्राफमध्ये पहिल्यावर आणि फोटॉग्राफरमध्ये दुसऱ्यावर, तेवढ्यासाठी डिक्शनरीतलं स्पीकरचं बटण दाबून ऐका आणि दोनदा मोठ्याने म्हणा.

आता तुमची ती भरलेली वही. फेकू नका, पण पहिल्या पानापासून उजळणीही करू नका. पेन घेऊन बसा आणि प्रत्येक शब्दाला विचारा की हा मी वहीच्या बाहेर कुठे पाहिलाय का. पाहिला असेल तर खूण करा, त्याचं वाक्य शोधा, सोबती शोधा आणि कार्ड करा, रोज पाच. पाहिला नसेल पण कॉक्सहेडच्या यादीत असेल तर त्यालाही खूण. उरलेल्यांना काही करू नका. त्यातला एखादा पुढे वाचताना समोर आला, की त्या दिवशी त्याचं कार्ड करा.